म्बावा बागेतली धरलेली जागा

मलावीतल्या आमच्या शहरात दर रविवारी दुपारी म्बावा बागेत बस डेपोचा बँड वाजतो. ऐकायला पैसे पडत नाहीत. कोणीही यावं, कुठेही बसावं, घरून आणलेलं खावं आणि सूर्य डोंगराआड गेला की उठून घरी जावं, अशी पद्धत होती. ही पद्धत वर्षानुवर्षं चालू होती आणि तिच्यात काही चुकतंय हे कोणाच्याही लक्षात आलं नव्हतं. सुधारणेला एवढा वाव समोर पसरलेला असताना माणसं किती आंधळी असू शकतात याचं हे उदाहरण आहे. त्या सुधारणेचा मी पहिल्या दिवसापासूनचा साक्षीदार, पुढे सचिव, आणि आता अध्यक्ष आहे. तेव्हा जे झालं ते मी अधिकाराने सांगू शकतो.

आधी बँडबद्दल. बस कंपनी बुडाली तेव्हा गाड्या भंगारात गेल्या आणि खुर्च्या साहेबांच्या घरी गेल्या. पितळी वाद्यं आणि ढोल यांना मात्र गिऱ्हाईक मिळेना, म्हणून ती वाजवणाऱ्यांकडेच राहिली. घरी वाजवलं की बायका ओरडायच्या, म्हणून ही मंडळी बागेत वाजवू लागली. चिकोपा मास्तर त्यांचे म्होरके. ते पूर्वी थ्योलोच्या घाटात बस चालवायचे. अजूनही गाण्यात वळण आलं की ते हळू होतात आणि उतार लागला की सुसाट सुटतात. पण लोकांना ते आवडायचं. लोकांना फुकट मिळालेलं बहुतेक सगळंच आवडतं.

आता माझा शेजारी लायटन नामालोंबा. सरकारी गोदामातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेला, सरळ, टापटिपीचा माणूस. कुठे रांग दिसली की आधी उभा राहायचा आणि मग पुढच्याला विचारायचा, रांग कशाची आहे. त्याची बायको दोरिका अगदी उलट. अंगाने थोराड, आवाजाने त्याहून थोराड. बँडबरोबर ती मोठ्याने गायची आणि सूर चुकला तर बँडकडे रागाने बघायची. दर रविवारी ती केळ्याची भजी, उकडलेल्या शेंगा आणि थोब्वा, म्हणजे मक्याची गोडसर आंबील, घेऊन यायची. बागेला ज्याचं नाव आहे त्या जुन्या म्बावाच्या झाडाच्या बुंध्याला पाठ टेकून बसायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याला हाक मारून भजी खाऊ घालायची. तिचा गुडघा दुखायचा आणि कंबरही धरायची, म्हणून बुंधा लागायचा. एवढाच तिचा आणि त्या झाडाचा संबंध.

एका रविवारी हे दोघं बागेत पोचले तर बुंध्याशी दुसरंच कुटुंब बसलेलं. बारशाची मंडळी होती, चांगली होती. त्यांनी सरकून दोरिकाला शेजारी जागा दिली, कोंबडीची तंगडीही दिली. पण बुंधा काही देता आला नाही, कारण त्याला एक आजी टेकली होती. दुसऱ्या दिवशी दोरिकाची कंबर इतकी धरली की तिला उठवेना. चूल लायटनला पेटवावी लागली, पाणीही त्यालाच भरावं लागलं. घड्यातलं निम्मं पाणी त्याच्या विजारीवर सांडलं. त्या पाण्याबरोबर त्याच्या मनात एक विचार उतरला.

पुढच्या रविवारी चर्चला जायच्या आधीच तो बागेत गेला आणि दोरिकाचं एक चितेंजे बुंध्याशी अंथरून, चारही कोपऱ्यांवर दगड ठेवून आला. मलावीतल्या कुठल्याही बाईकडे एखादं चितेंजे जास्तीचं असतंच. ते कमरेला गुंडाळतात, त्यात पोर पाठीशी बांधतात, बाजार बांधतात, पाऊस आला की डोक्यावर घेतात. आणि दुसऱ्याच्या चितेंजेवर पाय द्यायचा नाही हे आमच्याकडे पोराला चालता येण्याच्या आधी कळतं. दुपारी दोघं आले तेव्हा बाग भरलेली होती, पण बुंधा मोकळा. दोरिका टेकून बसली, पाय पसरले आणि म्हणाली, "अहो, तुम्हाला डोकं आहे."

लग्नानंतर पहिल्यांदाच तिने हे मान्य केलं होतं. लायटन मला म्हणाला, "यात गैर काय आहे?"

मी म्हटलं, "काहीच नाही."

आणि ते खरंच होतं. पुढे जे काही घडलं त्याच्या प्रत्येक पायरीवर हाच प्रश्न विचारला गेला आणि प्रत्येक वेळी हेच उत्तर मिळालं.

हे पाहणाऱ्यांत काचिंग्वेबाई होत्या. त्या आमच्या चर्चच्या महिला मंडळाच्या प्रमुख. दुसऱ्याची सोय त्यांना लांबूनही दिसते.

"बरंय की नामालोंबाबाबा," त्या म्हणाल्या. "सकाळी कापड टाकून मोकळं व्हायचं. आम्ही काय उन्हात जन्मलो होतो?"

पुढच्या रविवारी काचिंग्वेबाईंचं कापड पडलं, त्यांच्या बहिणीचं पडलं आणि बहिणीच्या नणंदेचंही पडलं. त्याच्या पुढच्या रविवारी लोक प्रवचन अर्धवट टाकून बागेकडे पळाले. पाद्रीबाबांनी प्रार्थना लवकर ठेवली, तर लोक त्याहून लवकर पळाले. मग काहींनी शनिवारी संध्याकाळीच कापडं टाकली. शेवटी कापडं बागेत राहायलाच गेली आणि माणसं अधूनमधून त्यांना भेटायला येऊ लागली.

इथवर सगळं सुरळीत होतं. मग एका दुपारी बँड ऐन रंगात असताना काचिंग्वेबाई आणि शेजारच्या कापडावरची एक शिक्षिका यांच्यात बोलाचाली झाली.

"तुमचं कापड माझ्या कापडावर आलंय."

"वाऱ्याने आलं असेल हो."

"वारा तिकडून येतोय, कापड इकडून आलंय."

"मग तुम्ही वाऱ्याला विचारा ना, मला काय विचारता?"

भांडण वाढलं. कोणाची तरी आंबील कोणाच्या तरी वेणीवर सांडली. लायटनला बेशिस्त सहन होत नाही. तो उठला आणि म्हणाला की यावर एकच उपाय आहे, समिती. त्याच दुपारी हिरवळीवर सभा भरली. सभेचं बोलणं नीट ऐकू येईना म्हणून चिकोपा मास्तरांना हळू वाजवायला सांगण्यात आलं. 'विनामूल्य संगीत आसनव्यवस्था समिती' स्थापन झाली, लायटन एकमताने अध्यक्ष झाला आणि माझं अक्षर चांगलं म्हणून मी सचिव झालो.

उद्यान अधीक्षक गोंडवेसाहेबांना आम्ही हे कळवलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. बिचाऱ्यांकडे इतकी वर्षं एक खुर्ची, एक शिक्का आणि नळाला न बसणारी रबरी नळी एवढाच कारभार होता. ते म्हणाले, "या बागेत काहीतरी व्यवस्था असावी असं मला नेहमी वाटायचं. कसली, तेवढंच सुचत नव्हतं."

व्यवस्था साधी होती. ज्याचं कापड हिरवळीवर आहे तो हजर. ज्याचं नाही तो गैरहजर. यात पक्षपात नाही, वशिला नाही. अंमलबजावणी पहिल्याच रविवारी करावी लागली. एक गवंडी आपल्या बायकोला घेऊन आला आणि दोन कापडांच्या मधल्या गवतावर बसला. गोंडवेसाहेब शिक्का घेऊन त्याच्याकडे गेले. मी सोबत होतो.

"तुमचं कापड?" गोंडवेसाहेबांनी विचारलं.

"कापड नाही आणलं. गवतावर बसतो की."

"मग तुम्ही आलेला नाहीत."

"साहेब, मी तुमच्यासमोर बसलोय."

"तुम्ही बसला आहात हे आम्ही नाकारत नाही. पण तुम्ही हजर नाही."

गवंडी बायकोकडे बघू लागला. बायको म्हणाली, "मग बँड ऐकू येतोय तो कोणाला?"

गोंडवेसाहेब म्हणाले की तो वेगळ्या खात्याचा प्रश्न आहे.

ही मंडळी मग बागेच्या कडेच्या वाटेवर जाऊन उभी राहिली. हळूहळू तिथे बरीच गर्दी झाली. पण वाटेवर उभं राहणं म्हणजे रहदारीला अडथळा. समितीने सहानुभूतीने विचार केला आणि ठरवलं की बिनकापडी श्रोत्यांनी उभं राहू नये, चालत राहावं. त्यांना 'चालते श्रोते' असं सन्मानाचं नाव देण्यात आलं. ते हिरवळीला गोल फेऱ्या घालत ऐकू लागले. बँडसमोरून जाताना सगळं ऐकू यायचं, पलीकडच्या बाजूला फक्त ढोल. एखाद्याला गाण्याची सुरुवात फार आवडली, तर शेवट ऐकायला तो पळत यायचा. डॉक्टर लोक चालायला सांगतातच, त्यामुळे यातही गैर काही नव्हतं.

दोरिका तेवढी कुरकुर करायची. तिचा बुंधा सुखरूप होता, पाठ टेकलेली होती, पण तिच्या आजूबाजूला नुसती कापडं. कापडांचे मालक आता उशिरा यायचे किंवा यायचेच नाहीत. जागा पक्की आहे म्हटल्यावर घाई कशाची? आणि तिची भजी खाणारे जुने लोक, म्हणजे पोळ्या विकणारी बाई, टेलर, समोरच्या गल्लीतल्या दोन विधवा बहिणी, हे सगळे चालते श्रोते झालेले. ती बुंध्याशी बसून वाट बघायची. टेलर फेरीत जवळून गेला की त्याच्या हातात एक भजं टेकवायची. तो चावत पुढे जायचा आणि पुढच्या फेरीला कळवायचा, "मीठ बरोबर आहे, मामी."

गोंडवेसाहेबांनी तेही थांबवलं. हजर व्यक्तीने गैरहजर व्यक्तीला खाद्यपदार्थ देणं हे नोंदीला धरून नव्हतं.

"अहो," दोरिका घरी जाताना लायटनला म्हणाली, "मी भजी कोणाला खाऊ घालू? कापडांना?"

"थोडे दिवस जाऊ दे. सवय होईल."

"कोणाला?"

लायटनच्या डोक्यात निराळी काळजी होती. आठवड्याच्या मधल्या वारी कापडं सरकू लागली होती. सोमवारी बँडजवळ असलेलं कापड गुरुवारी कचराकुंडीजवळ सापडायचं. काही नाहीशी होऊन बाजारात कोणाच्या तरी कमरेला दिसायची. दुसऱ्याच्या चितेंजेवर पाय द्यायचा नाही हे लोक पाळत होते. ते हाताने उचलत होते.

यावर तोड काढली ती काचिंग्वेबाईंनी. आमच्याकडे निवडणुका आल्या की पक्षवाले बायकांना फुकट चितेंजे वाटतात. त्यावर माननीय नेत्याचा हसरा चेहरा छापलेला असतो, ताटाएवढा. हे कापड गुंडाळण्याची सुद्धा एक रीत आहे, कारण माननीयांचा चेहरा बसताना भलत्या जागी येऊन चालत नाही. काचिंग्वेबाईंनी आपलं साधं कापड काढलं आणि तिथे माननीयांचं चितेंजे अंथरलं, चेहरा वर करून. दगडही ठेवले नाहीत. ते कापड महिनाभर एका बोटानेही हललं नाही. कोणाची हिंमत आहे?

मी म्हटलं, "पण काचिंग्वेबाई, तुम्ही यावर बसणार कशा?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्या देशभक्तीवर शंका घेतली आहे. "बसायचा प्रश्न येतोच कुठे? जागा कुठे जात नाहीये ना?"

हे सगळ्यांना पटलं. एकेक करत साधी कापडं उठली आणि चेहरे आले. विरोधी पक्षाचीही माणसं आमच्यात आहेत, त्यांनी आपल्या माननीयांना अंथरलं. सरकारी माननीय आणि विरोधी माननीय यांच्या कडा एकमेकांना लागू नयेत म्हणून गोंडवेसाहेबांनी मधून चुन्याची रेघ मारली. दुपारचं ऊन पडलं की सगळी हिरवळ हसायची. एवढे पुढारी एवढा वेळ गप्प बसून गाणं ऐकतायत, हे दृश्य या देशात दुसरीकडे कुठेही पाहायला मिळणार नाही.

आणि आता हिरवळीवर कोणालाच बसता येत नव्हतं. कापडांचे मालक आपापल्या कापडाशेजारी, एका पायावर भार देऊन, अंग चोरून उभे राहायचे. चालत्या श्रोत्यांची स्थिती त्यांच्यापेक्षा बरी होती. निदान त्यांचे पाय तरी हलत होते.

लायटनने सगळ्यांत शेवटी चेहरा अंथरला. हे मी त्याच्या बाजूने मुद्दाम सांगतो. पण म्बावाचा बुंधा ही बागेतली सगळ्यांत मोक्याची जागा. दोनदा तिथलं साधं कापड नाहीसं झालं, आणि अध्यक्षाचीच जागा जाणं समितीला शोभलं नसतं. त्या रविवारी दोरिका भज्यांची परडी घेऊन आली आणि बुंध्यासमोर थांबली. माननीय तिच्याकडे बघून हसत होते.

"दोरिका," लायटन म्हणाला, "आता ही जागा आपल्याकडून कोणीसुद्धा काढून घेऊ शकत नाही."

"बरं. आणि मी?"

"तू काय?"

"मी कुठे टेकू?"

"त्याचा विचार समिती करणार आहे."

दोरिकाने परडी खाली ठेवली नाही. ती म्हणाली, "मला पाठीला झाड पाहिजे होतं. तुम्ही मला समिती आणून दिलीत."

तिने आवाज चढवला नाही. तिचा आवाज न चढणं ही काय चीज आहे हे आम्हा शेजाऱ्यांना माहीत आहे. लायटनच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या, पण तो अध्यक्ष होता. त्याने विजारीवर नसलेली धूळ झटकली.

ती त्या दिवशी झाडाच्या दुसऱ्या बाजूला, मुळांच्या खाचेत, अर्धी उभी अर्धी वाकलेली राहिली. गायली नाही. बँडनेही तिच्याकडे दोनतीनदा वळून पाहिलं.

यानंतर आला तो रविवार, ज्याच्याबद्दल लोक मला अजून विचारतात. उशिरा जागा मागायला आलेल्या काही प्रतिष्ठित कुटुंबांना आम्ही नाही म्हणू शकलो नव्हतो, आणि हिरवळीवर शिल्लक अशी एकच जागा होती, जिथे बँड उभा राहायचा ती. ती आठवडाभर मोकळीच तर असायची. चिकोपा मास्तर आणि त्यांचे लोक वाद्यं घेऊन आले तेव्हा तिथे माननीय पसरलेले होते.

मास्तरांनी टोपी मागे सारली. "आम्ही कुठे उभं राहायचं?"

सचिव या नात्याने मला उत्तर द्यावं लागलं. "मास्तर, तुमचं कापड?"

"आमचं कापड कशाला? आम्ही वाजवणारे."

"वाजवणं आणि जागा हे दोन वेगळे विषय आहेत."

"मग वाजवायचं कुठे?"

"तुम्ही चालत वाजवू शकता," गोंडवेसाहेब मदतीला आले. "वाट मोकळी आहे."

मोठा भोंगा वाजवणारा आमचा जुना कंडक्टर आहे, वजनाने भोंग्याहून भारी. त्याने त्या वाटेकडे पाहिलं आणि जमिनीवर बसायला गेला, मग खाली चेहरा बघून तसाच वर आला. चिकोपा मास्तर भांडले नाहीत. घाटात समोरून ट्रक आला की ड्रायव्हर गाडी बाजूला घेताना जसं बघतो, तसं त्यांनी आमच्याकडे पाहिलं. "पोरांनो, उचला," ते म्हणाले.

बागेच्या फाटकाबाहेर, रस्त्यापलीकडे, मिनीबस वळतात ते मोकळं मैदान आहे. तिथे मासेवाल्या बसतात. बँड तिथे जाऊन उभा राहिला आणि वाजवायला लागला.

चालते श्रोते त्या वेळी पलीकडच्या बाजूला होते. फेरी मारत ते फाटकाशी आले आणि वळले नाहीत. टेलर पुढे होता, तो सरळ बाहेर गेला. त्याच्यामागे पोळीवाली, तिच्यामागे त्या दोन बहिणी, गवंडी, त्याची बायको, सगळी ओळ. बाहेर जाऊन ते मातीत बसले. तेवढ्यात दोरिकाने परडी डोक्यावर घेतली.

"कुठे चाललीस?" लायटनने विचारलं.

"गैरहजर राहायला."

ती गुडघा सांभाळत, हळूहळू, पण मागे न बघता गेली.

लायटन थांबला. अध्यक्षाने जागा सोडायची नसते. त्या दुपारी तो बुंध्याशी एकटा उभा राहिला. भिंत ओलांडून त्याच्यापर्यंत फक्त ढोल पोचत होता, आणि ढोलावरून गाणं कुठलं हे ओळखायचा तो प्रयत्न करत होता. संध्याकाळी दोरिका घरी आली तेव्हा तिच्या घागऱ्याला माती होती, अंगाला माशांचा वास होता आणि ती गुणगुणत होती. परडी रिकामी होती.

"काय काय वाजवलं?" त्याने विचारलं.

"तुम्ही अध्यक्ष. तुम्हाला माहीत असणार."

पुढच्या रविवारीही असंच. त्याच्या पुढच्या रविवारी तर तिने निघताना त्याला विचारलंसुद्धा नाही. तो कपडे करून दारात उभा होता, ती त्याच्या बाजूने परडी तिरकी करून निघून गेली, जसं आपण बसथांब्यावरच्या अनोळखी माणसाच्या बाजूने जातो. लायटनने हे मला सांगितलं तेव्हा तो हसत होता, पण त्याचा आवाज नीट नव्हता. "एवढ्या वर्षांच्या संसारात ती माझ्याशी भांडली नाही असा आठवडा गेला नव्हता," तो म्हणाला. "आता भांडतच नाही."

मी त्याला धीर दिला. म्हटलं, समितीच्या कामात घरच्यांचा त्याग असतोच.

त्या दुपारी मी त्याच्याबरोबर हिरवळीवर उभा होतो. बाहेर बँडने एक संथ गाणं धरलं. मध्येच सगळी वाद्यं थांबली असावीत, कारण एकट्या बाईचा आवाज भिंतीवरून आत आला. मोठा, थोडा बेसूर, कोणाची पर्वा नसलेला. मग लोकांचं हसणं आणि टाळ्या. लायटनने मान वर केली. त्याने समितीची फीत कोटावरून काढली, ती घडी करून खिशात घातली आणि फाटकाकडे चालू लागला. मी मागोमाग गेलो. कोणीतरी हजर राहून काय होतं ते पाहणं भाग होतं.

मैदानात पाय ठेवायला जागा नव्हती आणि तरीही जो येईल तो मावत होता. लायटन दोरिकाजवळ जाऊन उभा राहिला. तिने वर पाहिलं नाही. तिच्या शेजारी एक मासेवाली टोपली मांडीशी घेऊन बसलेली होती.

लायटनने घसा खाकरला. "ही जागा कोणाची आहे?"

मासेवालीने मागे पाहिलं, पुढे पाहिलं. "कुठली?"

"ही. इथली."

"मातीची आहे, बाबा. बसा की. फक्त वासाला नावं ठेवू नका."

तो खाली बघत राहिला. आयुष्यात त्याने काही न अंथरता जमिनीवर बूड टेकलेलं नव्हतं. तेव्हा दोरिकाने, अजूनही बँडकडेच बघत, त्याच्या कोटाची बाही धरली आणि खाली ओढली. तो बसला तो जवळजवळ पडलाच. मग ती थोडी वळली आणि आपली पाठ त्याच्या पाठीला टेकवून, सगळं वजन टाकून बसली. लायटन किडकिडीत माणूस आहे. तो पुढे झुकला, त्याने दोन्ही हात मातीत रोवले आणि तोल सांभाळला.

"जड होतेय?" तिने विचारलं.

"नाही."

"खोटं बोलू नका."

"होतेय. बस तशीच."

तिने परडीतलं भजं खांद्यावरून मागे केलं आणि त्याने ते तोंडाने घेतलं, कारण हात मोकळे नव्हते. मी वाकून त्याला विचारलं की अध्यक्षपदाचं काय. तो तोंडात भजं असताना काहीतरी म्हणाला. मी म्हटलं, राजीनामा लेखी लागेल. त्यावर दोघंही हसू लागले. यात हसण्यासारखं काय होतं ते मला कळलं नाही. त्यानंतर मी सूत्रं हाती घेतली.

बागेचं आता फार चांगलं चाललं आहे. मध्यंतरी राजधानी लिलाँग्वेहून एक पाहणी पथक आलं होतं. इतकी शिस्तबद्ध बाग त्यांनी कुठेच पाहिली नव्हती. कचरा नाही, गोंगाट नाही, गवत तुडवलेलं नाही. "लोकांचा प्रतिसाद कसा आहे?" त्यांनी विचारलं. गोंडवेसाहेबांनी हिरवळीकडे हात केला. एकही जागा रिकामी नव्हती. गोंडवेसाहेबांना त्याबद्दल दुसरी खुर्ची मिळाली.

बाहेरच्या मैदानाबद्दल मात्र मला काळजी वाटते. तिथे कसलीही व्यवस्था नाही. कोणीही कुठेही बसतं, कोणाचंही पोर कोणाच्याही मांडीवर. मी आता दर रविवारी जातो, अर्थात पाहणीसाठी. गर्दी वाढत चाललीय. ढोलाच्या डाव्या अंगाला मासेवाल्यांच्या छपराची सावली पडते, तिथून बँड फार सुंदर ऐकू येतो, पण उशीर झाला की तिथे दुसरं कोणीतरी बसलेलं असतं. मला गुडघ्याचा त्रास आहे. तेव्हा मागच्या रविवारी मी जरा लवकर जाऊन तिथे एक कापड टाकून आलो. साधंच, चेहरा नसलेलं. यात गैर काय आहे?

तुम्ही हसताय. हरकत नाही. आजवर ज्यांना ज्यांना मी ही हकीकत सांगितली ते सगळे असेच हसले. लोकांना काही अक्कलच नाही, असंही म्हणाले. आणि निघताना त्यांच्यातल्या प्रत्येकाने मला हळूच बाजूला घेतलं, इकडेतिकडे पाहिलं आणि आपल्या घरच्यांसाठी तेवढी सावलीतली जागा धरायला सांगितली.

कापड मोठं आहे. तुम्ही किती जण येणार?